गोकर्णाचा स्प्रे गच्चीतल्या वाल-चवळीवर वापरला, त्याचा खराखुरा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना शेवटपर्यंत वाचायला वेळ नाही त्यांची सोय होईल. पाचपैकी तीन स्टार. चवळीवरचा काळा मावा घालवायला ही बाटली घेणार असाल तर राहू द्या, त्याला नळीचं पाणी पुरतं. वालाच्या किंवा घेवड्याच्या पानांवर बारक्या अळ्या दिसायला लागल्या असतील आणि घरात खायच्या शेंगांवर केमिकल मारायचं नसेल तर घेऊन बघा, पण लेबलवर जे लिहिलंय त्यातलं निम्मं सोडून द्यायच्या तयारीने.

बाटलीचं नाव मुद्दाम देत नाहीये. बनवणारा छोटा माणूस आहे, घरगुती लेव्हलवर करतो असं नर्सरीवाला म्हणाला, आणि मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. मुंबईत राणीच्या बागेतलं झाडा-फुलांचं प्रदर्शन बघायला जाणाऱ्यांना माहितीये, हल्ली असल्या बाटल्यांना काय तोटा नाही, गोमूत्र अर्क, दशपर्णी, ह्युमिक, सीवीड, अमुक टॉनिक तमुक बूस्टर, सगळ्यांवर हिरवं पान आणि हसणारा शेतकरी. ही त्यातलीच एक, पण हिच्यावर 'वनस्पती प्रोटीनयुक्त' लिहिलं होतं आणि खाली गोकर्णाच्या फुलाचं चित्र, म्हणून मी थांबले. कारण गोकर्णातल्या प्रोटीनने अळ्या खुरटतात हे मी आधी वाचलेलं होतं आणि आपल्याकडे कोणीतरी ते बाटलीत भरून विकतंय हे बघून खरंच भारी वाटलं.

२५० मिलीची बाटली, ३८० रुपये. महाग आहे. तेवढ्यात चांगलं निंबोळी तेल येतं आणि वर वडापाव होतो.

आता दिसायला. आमच्या शेजारच्या काकू बाटली बघून म्हणाल्या, अगं हे निळं का नाही, गोकर्ण ना? तर निळा रंग फुलातल्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो, कॅफेत ब्लू टी म्हणून दोनशे रुपयांना मिळतो तोच, त्याचा किडीशी काही संबंध नाही. कामाचं आहे ते प्रोटीन आणि ते वेलाच्या पानात, शेंगेत, बियांत, मुळात पण असतं, त्यामुळे सबंध झाडाचा अर्क काढला तर तो हिरवट-तपकिरीच येणार. म्हणजे रंगावरून तरी बाटली खोटी वाटली नाही. वास थोडा उग्र, भिजवलेल्या पाल्यासारखा, पण निंबोळी तेलासारखा दिवसभर हाताला चिकटून राहत नाही आणि खालच्या मजल्यावरून कोणी "गच्चीत काय टाकलंय" म्हणून फोन करत नाही. सोसायटीत गच्ची वापरणाऱ्यांना हा पॉइंट किती मोठा आहे ते कळेल.

स्प्रेचं नोझल मात्र फालतू. दोन-चार वेळा दाबलं की गाळ अडकतो, मग काढा धुवा परत लावा. मी शेवटी अर्क पातळ कॉटनमधून गाळून आपला जुना पंप वापरला. ३८० रुपये घेताय तर नोझल तरी नीट द्या की राव.

बरं, आता त्या प्रोटीनबद्दल, कारण नर्सरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला "ताई, प्रोटीन म्हणजे झाडाला ताकद". नाही हो. झाडाला ताकद वगैरे काही नाही, हे प्रोटीन अळीच्या पोटासाठी आहे.

याची गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा लांबण लावते. १९६० च्या दशकात लॉरेन्ट्स ग्रान नावाचा नॉर्वेचा एक डॉक्टर काँगोत रेड क्रॉसच्या कामावर होता, तिथे त्याने बघितलं की बाळंतपणाच्या वेळी बायका एका झाडाचा काढा पितात आणि कळा लवकर येतात. झाड म्हणजे ओल्डनलँडिया अ‍ॅफिनिस, कॉफीच्या कुळातलं छोटंसं झाड. त्याने त्यातला कामाचा पदार्थ शोधला तर ते निघालं एक छोटं प्रोटीन, कलाटा बी१. गंमत बघा, काढा म्हणजे उकळलेलं पाणी, आणि साधं प्रोटीन उकळलं की त्याचं काम संपतं, अंड्याचं बघतोच आपण. हे उकळून, पोटात जाऊन सुद्धा टिकत होतं. का टिकतं ते कळायला १९९५ उजाडलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातले डेव्हिड क्रेक आणि त्यांच्या लोकांनी त्याची रचना काढली, तेव्हा दिसलं की या साखळीला टोकंच नाहीत, दोन्ही टोकं एकमेकांना जोडून गजऱ्यासारखं गोल, जेमतेम २९ अमिनो आम्लांचं, आणि आत तीन आडव्या गंधकाच्या गाठी. प्रोटीन पचवणारे एन्झाइम बहुतेक टोकाकडून नाहीतर मोकळ्या सैल जागी कुरतडायला सुरू करतात, इथे टोक नाही आणि सैल जागा पण नाही. या प्रकारच्या प्रोटीनांना सायक्लोटाइड म्हणतात.

२००१ मध्ये त्याच मंडळींनी हे कलाटा बी१ हेलिकोव्हर्पाच्या अळीच्या खाण्यात मिसळून दिलं तर अळी वाढेचना. हेलिकोव्हर्पा म्हणजे कोण, तर आपली घाटे अळी, हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवून बसणारी, तुरीच्या शेंगा पोखरणारी ती. त्यांनी वापरली ती ऑस्ट्रेलियातली जात, आपल्या घाटे अळीची सख्खी बहीणच. पुढे २००८ मध्ये आपल्याकडच्याच जातीच्या अळीवर बघितलं तर तिच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी फुगून फुटत होत्या. म्हणजे हे काही नसांवर काम करणारं विष नाही की फवारलं आणि अळी उलटी पडली. तिने पान खायला लागतं, मग पोट बिघडतं, मग खाणं कमी होतं, मग ती खुरटते.

आणि गोकर्ण कुठून आलं? तर गोकर्ण हे स्वतःच शेंगवर्गीय, वाल-चवळी-वाटाण्याचं भाऊबंद. २०११ मध्ये सापडलं की गोकर्णात सायक्लोटाइड आहेत आणि ते बनवणारी जीन्स म्हणजे वाटाण्यात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन बनवणाऱ्या जीनचीच बदललेली आवृत्ती. वाटाण्यातल्या त्या अल्ब्युमिनचा एक तुकडा, ३७ अमिनो आम्लांचा, पीए१बी नावाचा, तांदळातल्या सोंड्यांना मारतो हे फ्रान्समधल्या लोकांनी शोधून काढलेलं आहे. तुमच्या डब्यात तांदळाला सोंडे झालेत आणि शेजारीच पांढरे वाटाणे आहेत तर सोंडे वाटाण्यात संसार थाटत नाहीत, त्यामागे हे आहे. मला हे वाचल्यावर किचनमधल्या डब्यांकडे बघायची नजरच बदलली.

ऑस्ट्रेलियात गोकर्णाच्या अर्काचं सेरो-एक्स नावाचं कीटकनाशक आहे, तिथे ते कापूस आणि मॅकाडेमियासाठी रीतसर नोंदलेलं आहे. म्हणजे कल्पना हवेतली नाही. प्रश्न फक्त एवढाच की माझ्या हातातल्या बाटलीत त्यातलं किती आहे.

आणि इथे लेबल तोंडावर पडतं. प्रमाण नाही. किती टक्के अर्क, कशात काढलाय, काही नाही. बॅच नंबर नाही, तयार केल्याची तारीख स्टिकरवर पेनाने लिहिलेली, एक्स्पायरी 'वापरेपर्यंत'. हे वाचून मी काउंटरवरच हसले. शिवाय कीटकनाशकाच्या बाटलीवर तो चौकोनात रंगीत त्रिकोण असतो ना, लाल, पिवळा, निळा, हिरवा, आणि नोंदणी क्रमांक, ते काहीच नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे किडी मारायचा दावा करून काही विकायचं तर केंद्राची नोंदणी लागते. म्हणून मग समोरच्या बाजूला 'टॉनिक' लिहायचं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, मिलीबग, सर्व प्रकारच्या अळ्या यावर गुणकारी'. ही ट्रिक या एकट्याची नाही, अर्ध्या मार्केटची आहे, पण म्हणून सोडून द्यायची का?

आणि 'सर्व प्रकारच्या' वाचलं की माझं डोकं फिरतं. जे सगळ्यावर चालतं ते कशावर चालतं हे विकणाऱ्याला माहीत नसतं, असा माझा सरळ हिशोब आहे.

आता वापरून काय झालं. गच्चीत माझ्याकडे क्रेटमध्ये वाल, चवळी आणि थोडा फरसबी घेवडा असतो. पावसात चवळी, थंडीत वाल. चवळीवर पावसात वापरायचा प्रयत्न केला तो वाया गेला म्हणजे गेलाच, मुंबईचा पाऊस, संध्याकाळी फवारा आणि रात्री धो धो, पानावर राहणार काय? यात चिकटण्यासाठी काही घातलेलं नाही, किंवा घातलं असेल तर चिकटत नाही. पावसाळ्यात ही बाटली विकत घेऊ नका, एवढं सरळ.

उघडीप मिळाली तेव्हा चवळीच्या शेंड्यावर काळा मावा होता, वर मुंग्यांची ये-जा, तुम्ही बघितलंच असेल, देठ दिसत नाही इतका थर. फवारला, परत फवारला, मावा जागच्या जागी. थोडा कमी झाल्यासारखा वाटला पण तेवढा तर साध्या पाण्याच्या फवाऱ्याने पण होतो. विचार केला तर यात नवल नाही, मावा पान चावत नाही, सोंड आत खुपसून रस ओढतो, पानाच्या वर बसलेलं प्रोटीन त्याच्या पोटात जाणार कसं? रस पिणाऱ्या किडीला प्रोटीनने धरायचं तर ते झाडाच्या रसातच असायला लागतं, स्नोड्रॉप नावाच्या फुलाच्या कंदातल्या लेक्टिन या प्रोटीनवर असे प्रयोग झालेत, त्याची जीन झाडात घालून. सेरो-एक्सच्या यादीत पांढरी माशी आहे, ती पण रसच पिते, पण तिथे सबंध अर्क बरोबर फॉर्म्युलेट करून वापरतात, नुसता एक घटक नाही. माझ्या बाटलीला ते जमत नाहीये. मी शेवटी नळीने जोरात पाणी मारून शेंडे धुतले, मुंग्यांचा रस्ता बंद केला, लेडीबग आले आणि काम झालं, फुकटात.

अळ्यांवर मात्र फरक दिसला आणि म्हणूनच तीन स्टार, नाहीतर दीड दिला असता.

थंडीत वाल लावले तेव्हा मी जरा नीट केलं, एकाच पुडीतलं बी, काही क्रेटवर हा अर्क, एकावर निंबोळी तेल आणि एकावर नुसतं पाणी. नुसतं पाणी यासाठी की फवाऱ्याच्या माराने पण अळ्या खाली पडतात, नाहीतर सगळं श्रेय बाटलीला जातं. फवारणी ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने सुद्धा. पाण्याच्या क्रेटमधली पानं चाळण झाली. अर्काच्या क्रेटमध्ये सुरुवातीला भोकं पडली पण नंतर नवीन पानांवर खूपच कमी, आणि अळ्या मेलेल्या पडल्या होत्या असं नाही, त्या होत्या, पण बारक्या राहिल्या, सुस्त, आणि मग हळूहळू दिसेनाशा झाल्या. ज्यांना फवारलं आणि तासाभरात तडफडून पडलं असं बघायची सवय आहे त्यांना हे अजिबात आवडणार नाही. काकूंनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की तुझं औषध बोगस आहे.

मोठ्या झालेल्या अळीवर शून्य परिणाम. बोटाच्या पेराएवढी हिरवी अळी मस्त शेंगेत डोकं घालून बसली होती, तिला हाताने उचलून साबणाच्या पाण्यात टाकली. आणि एक ती ठिपक्यांची शेंगा पोखरणारी अळी असते, फुलं-कळ्या जाळ्याने एकत्र चिकटवून आत बसते, तिच्यापर्यंत फवारा पोचतच नाही, ना हा ना कुठला. ते गुच्छ हाताने तोडून फेकायचे. त्यामुळे फवारायचं तर कळ्या धरायच्या आधी, अंडी किंवा अगदी बारीक अळ्या दिसतात तेव्हा. लेबलवर याबद्दल एक ओळ नाही. 'गरजेनुसार फवारावे' एवढंच. गरज कधी असते तेच तर सांगा!

निंबोळी तेलाचा क्रेट? खरं सांगते, तेवढाच चांगला, कदाचित थोडा जास्तच. कडुलिंबातलं अझाडिरॅक्टिन हे प्रोटीन नाही, वेगळ्याच जातीचं रसायन आहे, अळीची कात टाकणं बिघडवतं, खाण्यावरची इच्छा घालवतं, आणि त्याची रीतसर नोंदणी असलेल्या बाटल्या मिळतात ज्यावर पीपीएम, म्हणजे दहा लाखात किती भाग, छापलेलं असतं. मग गोकर्णाचा फायदा काय, वास सोडून?

फायदा आहे, आणि तो दुकानदार सांगत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, घाटे अळीच्या पोटावर बरीच वर्षं काम झालंय. अळी प्रोटीन पचवायला प्रोटिएज एन्झाइम वापरते, झाडं ते बंद पाडणारी इनहिबिटर प्रोटीनं बनवतात, आणि अळी पण काय कच्च्या गुरूची चेली नाही, ती दुसरी एन्झाइम काढते ज्यांना त्या इनहिबिटरचा फरक पडत नाही. हरभरा आणि घाटे अळीचं हे असंच चालू आहे. १९९९ च्या त्यांच्या पेपरमध्ये मुद्दा असा होता की अळी ज्या झाडांवर सहसा जगत नाही अशा झाडांचे इनहिबिटर, जसं शेंगदाणा, चौधारी घेवडा, आणि ते पण एकामागून एक बदलून दिले तर अळी जास्त अडकते, एकच एक देत राहिलं तर ती सावरते. गोकर्णाचं सायक्लोटाइड इनहिबिटर म्हणून नाही, पेशी फोडून काम करतं, पण धडा तोच घ्यायचा. एकाच बाटलीवर सीझन काढायचा नाही. मी आता एकदा निंबोळी, एकदा हे, असं आलटून पालटून मारते आणि ते मला सगळ्यात बरं वाटलं.

आता नर्सरीवाल्याच्या त्या डायलॉगबद्दल. "ताई, एकदम नॅचरल आहे, प्यायलात तरी काही होणार नाही." हे वाक्य ऐकलं की माझा पारा चढतो. अहो, कलाटा बी१ सापडलंच मुळी गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून! नॅचरल प्रोटीन म्हणजे बिनधोक असं कुठे लिहिलंय? एरंडाच्या बीमधलं रायसिन हे पण शंभर टक्के नॅचरल वनस्पती प्रोटीन आहे आणि जगातल्या जहाल विषांत त्याची गणना होते. त्याच नर्सरीत एरंडी पेंड खत म्हणून सुट्टी विकतात, आणि ती नीट तापवून निर्विष केलेली नसेल तर कुंडीत तोंड घालणाऱ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. घरात कुत्रा असेल तर एरंडी पेंड गच्चीत आणूच नका, हे रिव्ह्यूच्या बाहेरचं आहे पण सांगायलाच पाहिजे. राजमा अर्धा कच्चा खाल्ला की उलट्या होतात, ते लेक्टिन, ते पण प्रोटीन. आपल्या आज्या वाल भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवून बिरडं करायच्या ते काय हौस म्हणून फक्त? वालात ट्रिप्सिन इनहिबिटर, म्हणजे प्रोटीनचं पचन अडवणारी प्रोटीनं, असतात, भिजवल्या-मोडावल्याने आणि शिजवल्याने ते कमी होतात. झाड ते अळीसाठी बनवतं, आपण मध्ये येतो.

म्हणून मी अर्क मारलेल्या शेंगा काही दिवस तोडत नाही आणि तोडल्यावर भरपूर पाण्यात धुते. सायक्लोटाइड उकळून टिकतं हे वर सांगितलंच, त्यामुळे 'शिजवलं की जाईल' यावर अवलंबून राहू नका, धुवा. घरात कोणी गरोदर असेल तर मी तरी खायच्या भाजीवर हे वापरणार नाही. लेबलवर तोडणीआधी किती दिवस थांबायचं हे लिहिलेलं नाही आणि माझ्या मते ही या बाटलीची सगळ्यात मोठी चूक, नोझल परवडलं.

काकूंचा दुसरा प्रश्न चांगला होता. हे घरातल्या सालाच्या मुगाला, मटकीला चोळलं तर भुंगा लागणार नाही का? नाही, नको. साठवणीच्या कडधान्यात ओलं काही घालायचंच नसतं, बुरशी येईल. त्या भुंग्याची मादी वरून दाण्यावर अंडं घालते, अळी थेट आत शिरते, वरचा अर्क ती खात बसत नाही. ते काम दाण्याच्या आतल्या प्रोटीनचं. तुमच्या लक्षात आलंय का, मूग, मटकी, चवळी भुंग्याने पीठ करून टाकतो तो राजम्याच्या डब्यात मात्र वाढत नाही? राजम्यात अल्फा-अमायलेज इनहिबिटर नावाचं प्रोटीन असतं, ते भुंग्याच्या अळीला स्टार्चच पचवू देत नाही, अन्नाच्या डोंगरात बसून उपाशी. मेक्सिकोतल्या जंगली घेवड्यात आर्सेलिन म्हणून आणखी एक सापडलंय, आणि नायजेरियातल्या चवळीच्या एका वाणात ट्रिप्सिन इनहिबिटर, ज्याची जीन १९८७ मध्ये तंबाखूच्या झाडात घालून दाखवली होती.

राजम्याचं ते प्रोटीन ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने वाटाण्यात घातलं, १९९० च्या दशकात, वाटाण्याचा भुंगा जवळजवळ संपला, सगळे खुश. आणि मग २००५ मध्ये उंदरांना खायला घातल्यावर त्यांच्यात इम्यून रिअ‍ॅक्शन दिसली, कारण वाटाण्याच्या पेशीत बनताना त्याच प्रोटीनवर साखरेचे तुकडे जरा वेगळे लागले होते, आणि प्रोजेक्ट गुंडाळला. २०१३ मध्ये दुसऱ्या टीमने परत बघितलं तर उंदीर साध्या राजम्याला आणि साध्या वाटाण्याला पण तसेच रिअ‍ॅक्ट होत होते. तोपर्यंत गाडी सुटलेली. मला त्यातल्या पहिल्या निर्णयाबद्दल आदरच आहे, शंका आली आणि थांबले. इथे आमचा नर्सरीवाला 'प्यायलात तरी काही होणार नाही' म्हणतोय.

सालाच्या कडधान्याला आपलं कडक ऊन, घट्ट झाकणाचा डबा, आणि मूग-मटकीला एरंडेलाचा हात. तेलात रायसिन उतरत नाही, ते पेंडीत राहतं, त्यामुळे ते बिनघोर. तेलाने अंड्याला हवा मिळत नाही आणि मादीला दाण्यावर नीट अंडी पण घालता येत नाहीत.

गावाकडे तूर, हरभरा असणारे माझे दोन-तीन नातेवाईक विचारत होते की शेतात मारू का. नका मारू. गच्चीतल्या क्रेटचा अनुभव एकराला लावायचा नसतो, आणि या भावाने एकरी खर्च काढला तर तुरीचे पैसे त्यातच जातील. तिथे कामगंध सापळे, पक्ष्यांना बसायला थांबे, पाच टक्के निंबोळी अर्क, घाटे अळीला रोग लावणारा विषाणू एचएएनपीव्ही, हे सगळं कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत आहे आणि त्याचे डोस छापील मिळतात. बिननोंदणीची बाटली शेतात नेऊन सीझनचा जुगार कशाला?

तर कोणी घ्यावी? गच्चीत किंवा बाल्कनीत थंडीचे वाल, पावटा, घेवडा लावणाऱ्यांनी, ज्यांना निंबोळीचा वास सहन होत नाही किंवा जे निंबोळीबरोबर आलटून पालटून काहीतरी शोधतायत, आणि ज्यांना रोज संध्याकाळी पानं उलटी करून बघायची सवय आहे त्यांनी. आठवड्यातून एकदा गच्चीत जाणाऱ्यांनी पैसे घालवू नका, तुम्हाला अळी दिसेल तोवर ती मोठी झालेली असेल. नर्सरीत १०० मिलीची छोटी पण मिळते, तीच घ्या, उघडल्यावर काही दिवसांनी वास आंबट होतो आणि त्यानंतर मला परिणाम कमी वाटला. पातळ केलेलं उरवून ठेवू नका, त्याच दिवशी संपवा.

मी नर्सरीतून बनवणाऱ्याचा नंबर घेऊन बोलले. माणूस चांगला निघाला, चिडला नाही. अर्क कशात काढता विचारलं तर म्हणाला फॉर्म्युला आहे, नाही सांगू शकत. ठीक आहे, नका सांगू. पण टक्केवारी, तारीख, तोडणीआधीचे दिवस आणि 'सर्व प्रकारच्या' ऐवजी खऱ्या किडींची नावं एवढं छापा म्हटलं, तर म्हणाला पुढच्या लॉटला बघतो. पुढचा लॉट अजून आलेला नाही. आला की लेबल बघून स्टार वाढवायचा की काढायचा ते ठरवेन, तोपर्यंत तीनच.